आरएसएस की पीएसएस: प्रोसेस नक्की किती रॅम खाते?

सोळा जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडमधल्या आरएसएस रकान्याची बेरीज करावी तर तीस जीबी भरते, आणि फ्री कमांड सांगते की निम्मी रॅम अजून हाताशी आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, चुकते ती बेरीज.

आरएसएस (रेसिडेंट सेट साइझ) म्हणजे प्रोसेसची जी पानं (पेजेस, मेमरीचे छोटे तुकडे) या क्षणी खरोखर रॅममध्ये आहेत, ती सगळी. स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमबाहेर डिस्कवर, गेलेली यात येत नाहीत. पण एखादं पान पन्नास प्रोसेस मिळून वापरत असल्या, तरी ते प्रत्येकीच्या नावावर पूर्ण चढतं. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (डेटाची पानं ठेवायची मेमरी) असेच सामाईक, आणि त्याचं प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक वेगळी प्रोसेस. कनेक्शन जसजसं त्यातली नवी पानं वाचतं, तसतसा त्याचा आरएसएस फुगत जातो. याला मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सोडण्याची चूक) समजून लोक धडधाकट कनेक्शन्स मारतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

पीएसएसमध्ये (प्रपोर्शनल सेट साइझ) सामाईक पानाची ते वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये समान वाटणी होते. चार प्रोसेस घ्या. प्रत्येकीची खासगी मेमरी २० एमबी, चौघींत मिळून सामाईक १२० एमबी. आरएसएस प्रत्येकी १४०, बेरीज ५६०. पीएसएस प्रत्येकी २० अधिक ३०, म्हणजे ५०, बेरीज २००. रॅममध्ये खरोखर तेवढंच आहे.

पीएसएसचा आकडा लिनक्स कर्नल २.६.२५ पासून, म्हणजे २००८ पासून मिळतो. ४.१४ पासून तर प्रॉक या फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली (पीआयडी) स्मॅप्स-रोलअप नावाची फाइल असते, तिच्यात एकूण पीएसएस तयारच सापडतो. दुसऱ्या युजरची प्रोसेस असेल तर सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, लागेल.

म्हणून बेरजेसाठी मी पीएसएसच घेतो. मात्र दर सेकंदाला तो वाचू नका: कर्नलला पेज टेबल्स (कोणतं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंद) चाळावी लागतात, मोठ्या प्रोसेसला ते जड जातं. शिवाय शेजारची प्रोसेस बंद झाली की तिचा वाटा उरलेल्यांवर येतो आणि काहीही नवं न घेता पीएसएस वाढतो. आणि रॅम संपल्यावर कोणाला मारायचं हे ठरवताना ओओएम किलर (कर्नलचा हे काम करणारा भाग) पीएसएस बघतच नाही. तो आरएसएस, स्वॅप आणि पेज टेबल्स धरतो.

प्रोसेस मारल्यावर किती रॅम सुटेल, हा प्रश्न असेल तर दोन्ही आकडे सोडा. स्मॅप्स-रोलअप फाइलमधल्या प्रायव्हेट क्लीन आणि प्रायव्हेट डर्टी या खासगी पानांच्या दोन ओळींची बेरीज करा.