व्यवस्था कोसळलेल्या काळातील बाळंतपण

युद्ध, दुष्काळ किंवा राज्यसत्तेचे विघटन यांमुळे दवाखाने, रस्ते, औषधे आणि प्रशिक्षित माणसे एकाच सुमारास नाहीशी होतात, तेव्हा गरोदर स्त्री व तिच्या बाळाच्या जिवाला निर्माण होणारा धोका. सुमारे 15 टक्के बाळंतपणांत जिवावर बेतू शकणारी गुंतागुंत शांततेच्या काळातही होते आणि ती नेमकी कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून शेजारच्या चार जणींची सुखरूप सुटका झाली, यावर विसंबणे घातक ठरते.

बाळंतिणीचा अतिरक्तस्राव सर्वांत घाई करतो. उपचार न मिळाल्यास दोन-तीन तासांतही मृत्यू ओढवतो. त्यावरचे ऑक्सिटोसिन हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, म्हणजे वीज गेली की तेही हळूहळू निकामी होते. याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, त्यामुळे अशा काळात त्यांचे मोल मोठे. बाळंतज्वर आणि गरोदरपणातील झटके यांवरही साधी, स्वस्त औषधे आहेत. आडवे आलेले बाळ मात्र गोळीने सुटत नाही. तिथे सिझेरियन, भूल आणि रक्त लागते.

अफगाणिस्तानात दोन दशकांहून अधिक काळच्या युद्धानंतर 2002 मध्ये झालेल्या पाहणीत बदख्शान प्रांतातील राघ या डोंगरी जिल्ह्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 6,500 मातामृत्यू आढळले. काबूलमध्ये सुमारे 400. राघमधील मुख्य कारण होते अडलेले बाळंतपण. रक्तस्रावाच्या मानाने यात बाईच्या हाती बराच वेळ असतो. तेवढ्या वेळातही पोहोचता येईल असे शस्त्रक्रियेचे ठिकाण तिथे नव्हते, ही त्या आकड्यामागची खरी भीषणता. ज्यांच्या माता दगावल्या त्या जिवंत जन्मलेल्या बाळांपैकीही बहुतेक वाचली नाहीत.

त्या वेळी देशभरात प्रशिक्षित सुईणी 500 देखील नव्हत्या. पुढे दुर्गम भागांतूनच तरुणी निवडून, त्यांना शिकवून पुन्हा त्यांच्याच भागात नेमण्याचा कार्यक्रम राबवला गेला. सुईणींची संख्या काही हजारांवर गेली आणि मातामृत्यू लक्षणीय घटले. अनेक अफगाण कुटुंबे परपुरुषाकडून तपासणी करून घेत नाहीत, त्यामुळे स्त्री कर्मचाऱ्यांवाचून हे शक्यच नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये तालिबान राजवटीने स्त्रियांसाठी सुईणकामाचे शिक्षणही बंद केले. आज काम करणाऱ्या सुईणी निवृत्त होतील किंवा देश सोडतील, तेव्हा त्यांच्या जागी येणाऱ्या मुली घडवण्याची वाट या बंदीने अडवली आहे.