दार पुढे आहे की पाठीमागे?

दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे भरलेले असतात. चेंडू घरंगळत आला की खुळखुळतो आणि त्या आवाजावर फलंदाज स्वीप मारतो. पण गवतात थांबला की चेंडू गप्प, मग चाचपडत शोधायचा! दृष्टिहीनांनाही खेळता यावेत असे, नुसत्या आवाजावर खेळायचे कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्यांपुढचा पेच हाच. भिंत, दार, खाली पडलेली किल्ली बोलत नाहीत, त्यांना आवाज द्यावा लागतो. किल्लीला किणकिण, मोकळ्या वाटेला वाऱ्याची सूं, हे जमतं. तो आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला पटवणं अवघड.

डावं-उजवं त्यातल्या त्यात सोपं. उजवीकडचा आवाज डोक्याला वळसा घालून डाव्या कानात साधारण ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कॉम्प्युटर ध्वनी साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून नमुने घेतो. त्यात हा उशीर जेमतेम २९ नमुन्यांचा, तरी मेंदू तो पकडतो. साधारण १,५०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १,५०० कंपनांच्या) वरच्या आवाजांसाठी डोक्याची सावली कामी येते, कारण दूरच्या कानात ते क्षीण होऊन पोचतात.

आता आवाज नाकासमोर आहे असं समजा. दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखाच ऐकू येणार. बरोबर पाठीमागे असला तरी तेच! मग पुढचं-मागचं कळतं कशाने? बाहेरच्या कानाच्या घड्यांनी. त्यांवर आपटून आवाज आत शिरतो तेव्हा काही कंपनं, विशेषतः ५ ते १० हजार हर्ट्झमधली, दबतात किंवा उठतात आणि हा ठसा दिशेनुसार बदलतो. डोळे मिटा, मान स्थिर ठेवा आणि कुणाला तरी चाव्यांचा जुडगा कधी पुढे, कधी डोक्यामागे वाजवायला सांगा. मग दोन्ही कान बोटांनी दुमडून पुन्हा करा, चुका वाढतील.

हा ठसा मोजता येतो. १९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन ठेवून ७१० दिशांची मोजमापं घेतली आणि ती सर्वांना खुली केली. अशा मोजमापांतून आवाज गाळला की हेडफोनमध्येही तो बाहेरून आल्यासारखा वाटतो. गोम एवढीच, की पुतळ्याचे कान तुमचे नव्हेत. परक्या कानांतून ऐकताना समोरचं दार सर्रास पाठीमागे जातं. ('८डी ऑडिओ' नावाने फिरणारी गाणी बहुतेकदा आवाज गोल फिरवून त्यावर घुमारा चढवतात, त्यांत आठ मिती शोधू नयेत.)

उपाय मान वळवण्यात आहे. उजवीकडे वळलात तर समोरची वस्तू डावीकडे सरकते, मागची उजवीकडे. गेममध्ये बाणाच्या कळीने वळलं तरी हेच घडतं. मात्र दाराची टिकटिक सेकंदाला तीन-चार वेळा तरी हवी. दोन सेकंदांनी एकदा वाजली तर तोवर खेळाडू पुरता वळलेला असतो आणि तुलना करायला काहीच उरत नाही. त्यातही शुद्ध 'पीं' नको. एकाच कंपनसंख्येवर कानाचा ठसा उमटणार कुठे? टिक, खसखस, किणकिण असे भरड आवाज घ्यावेत. शिवाय मागच्या वस्तूंची दोन-तीन हजार हर्ट्झच्या वरची कंपनं कापून त्यांचा आवाज दबका करतात. ही लबाडी आहे, पण खेळाडू दोन मिनिटांत सरावतो. वर-खाली दाखवायलाही अशीच युक्ती, उंचावरच्या वस्तूला चढा स्वर.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण आवाज किती मोठा एवढ्यावरूनच जवळचा उंदीर आणि लांबचा ट्रक यांत फरक कळत नाही. म्हणून वस्तू दूर जाताना तिचा मूळ आवाज कमी करायचा, खोलीचा घुमारा तेवढाच ठेवायचा.

हे सगळं ऐकून 'देव एक घेतो, दुसरं देतो' म्हणायची घाई नको. दृष्टी गेल्याने कानांना जादा शक्ती मिळत नाही. तयार होतो तो मेंदू, आणि तोही सरावाने. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चे वर्ग तर नाक आणि पट्टीमधल्या फटीवर चालतात.

गेम फसतो तो बहुधा क्षुल्लक कारणांनी. फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिलं की दोन्ही कानांत एकच आवाज जातो आणि दिशा संपल्या. ब्लूटूथ हेडफोन आवाज उशिरा पोचवतात, तोवर उडी चुकते. इअरफोन उलटे घातले तर सगळा नकाशाच आरशातला! म्हणून अनेक गेममध्ये खेळण्याआधी त्या त्या कानात 'डावा', 'उजवा' म्हणून दाखवायची सोय असते.