बारास्वरी चाल

सप्तकातील बाराही स्वर ठरवलेल्या क्रमाने, सारख्या मानाने वापरून बांधलेली पाश्चात्य संगीतातली चाल. कोणताही स्वर आधारस्वर होऊ न देणे हा तिचा हेतू.

उगमाबद्दल मतभेद आहेत. बारा स्वर येऊन गेल्याशिवाय एकही परत घेऊ नये, हा नियम ऑस्ट्रियन रचनाकार योझेफ हाउअर (1883–1959) यांनी 1919च्या सुमारास मांडला. ऑस्ट्रियन रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग (1874–1951) यांची पद्धत साधारण 1921–23 मध्ये आकारास आली. रचनाकार येफिम गोलिशेफ यांची एक बारास्वरी तंतुवाद्यरचना 1914ची सांगतात, पण ती छापली गेली 1925 साली. तिचा दाखला जपूनच घ्यावा. नियमाचा पहिला मान हाउअर यांचा. मात्र त्यांनी पाडलेल्या 44 स्वरगटांत प्रत्येकी सहा-सहा स्वरांचे दोन संच असतात आणि संचातला क्रम मोकळा राहतो. आज शिकवतात ती क्रमबद्ध मालिका शोनबर्ग यांची मानणे अधिक सयुक्तिक.

विदर्भातल्या खेड्यात पेटीवर हा अभ्यास सहज होतो, कारण बारा पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात. पांढरी एक सा धरावी. सा इथे पट्टीचे नाव एवढेच. नमुना मालिका (खालची रेघ कोमल, वरची तीव्र):

ग॒ रे नि॒ नि ध म ध॒ प रे॒ म॑ सा ग

उलट मालिकेत चढाचा उतार होतो: ग॒ ग ध॒ प… मूळ, उलट, मागून पुढे आणि उलट मालिकेचे मागून पुढे अशी चार रूपे, बारा पट्ट्यांवरून एकूण 48. सप्तक कोणतेही चालते; स्वर लागोपाठ दोनदा वाजवला तरी चालतो. सा-ग-प सारखे तीन स्वर शेजारी आले की कान लगेच आधार शोधतो, म्हणून मालिका बांधतानाच ते टाळावेत.

खंजिरी भजनात मुरलेल्या हाताची चूक बहुधा तालात होते. केरव्याच्या आठ मात्रांवर मात्रेला एक स्वर ठेवला, तर मालिका दोनदा संपते तेव्हा तीन आवर्तने होतात आणि समेवर पाळीपाळीने ग॒, रे॒, ध एवढेच येतात. पुढेही तेच. मग हेच तीन स्वर मुख्य वाटू लागतात. उपाय एकच: स्वरांची लांबी कमीजास्त करावी, मधे विसावे घ्यावेत. पेटीचे आस देणारे स्टॉप मात्र आधी बंद करावेत. अखंड सा वाजत असताना ही चाल उभीच राहत नाही.

याच्या शेजारची षट्स्वरी चाल (सा रे ग म॑ ध॒ नि॒) सोपी आहे: बारा पट्ट्यांवरून तिचे स्वरसंच दोनच होतात, आणि तिच्यात षड्ज-पंचम संवाद नसतो.