गोळी कडक केली की नळीत शिसं बसत नाही?

"नळीत शिसं बसतंय? अँटिमनी वाढवा, गोळी कडक करा." रिव्हॉल्व्हरसाठी स्वस्तात ओतीव शिशाच्या गोळ्यांची काडतुसं भरणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (अँटिमनी म्हणजे शिसं कडक करायला त्यात मिसळतात तो घटक.) तो अर्धवट आहे आणि पैसे वाचवण्याच्या मूळ हेतूवरच पाणी फिरवतो.

शिसं बसतं ते बहुतेक वेळा गोळी मापाला बारीक असते म्हणून. तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो, शिसं कापत जातो आणि ते नळीच्या सुरुवातीलाच चिकटतं. मऊ गोळी दाबाने किंचित पसरून फट बुजवते. कडक गोळी .38 स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात पसरतच नाही. म्हणजे 12 टक्के अँटिमनीचं महागडं लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचं कडक मिश्रण) वितळवून दुखणं विकत घेतल्यासारखंच!

आधी माप बघा. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) काढा आणि नुसती गोळी त्याच्या छिद्राच्या पुढच्या तोंडात बोटाने ढकला. हलक्या दाबाने सरकली तर माप जुळलं. आपोआप गळून पडली तर ती बारीक आहे. सगळी छिद्रं तपासा, कारण एखादंच वेगळं निघतं आणि आपण दोष मात्र मिश्रणाला देत बसतो.

शिसं नळीच्या पुढच्या टोकाशी दिसलं तर गोळीवरचं वंगण अपुरं पडतंय. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाच्या, दाबाला कडकपणा लागतो, हे खरंच. पण तिथेही माप आधी.