हाफकिन प्लेग लस

हाफकिन प्लेग लस : उष्णतेने मारलेल्या प्लेग-जंतूंपासून केलेली, त्वचेखाली टोचण्याची लस. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ती १८९६-९७ च्या हिवाळ्यात मुंबईत तयार केली.

मुंबईला टोचणी नवी नव्हती. बगदाद-बसरामार्गे आलेल्या गोस्तनदेवीच्या (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्या सौम्य रोगाच्या) लशीने १४ जून १८०२ रोजी येथेच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आले. देवीच्या लशीची भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी मानतात. प्लेगवर मात्र काहीच उपाय नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ कोठून आली याविषयी समकालीनांत एकमत नव्हते. गढवाल-कुमाऊंकडील यात्रेकरूंनी ती आणली, असे काही जण म्हणत. १८९४ च्या हाँगकाँग साथीनंतर जहाजांतून ती आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. साथ प्रथम बंदरालगतच्या धान्यगोदामांच्या वस्तीत दिसली, ही गोष्टही त्याच मताकडे झुकते.

हाफकिन ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याहून आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत कामाला लागले. मांसरसाच्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि छतावरून जळमटे लोंबावीत तसे खाली लोंबत. चंबू हलवला, की धागे तळाशी बसत आणि नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे वाढवलेले द्रव्य सुमारे ६५–७० अंश सेल्सियसला तासभर तापवीत व त्यात कार्बॉलिक आम्ल हे जंतुनाशक घालीत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, पण ते लवकरच सावरले. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात साथ शिरली असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यांच्यातील लागण, न टोचलेल्यांच्या मानाने, स्पष्टपणे कमी राहिली. खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी स्वतः टोचून घेतल्यावर खोजा समाजात लशीविषयीचा विश्वास वाढला. लोकांचा रोष मुख्यतः घरझडत्या व सक्तीच्या विलगीकरणावर होता. मार्च १८९८ मधील मदनपुऱ्यातील दंगल त्यातूनच उसळली.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

मुलकोवाल प्रकरण : ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी परळहून आलेल्या लशीने १०७ जणांना टोचण्यात आले. पैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली मुंबईतच दूषित झाली होती, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. हाफकिन यांनी उत्पादन वाढवण्यासाठी कार्बॉलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर विसंबल्याचा मुद्दा त्यांच्या विरोधात गेला. याउलट रोनाल्ड रॉस व इतर जंतुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडे वाढले असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. शिवाय त्या जंतूंचे विष बाटलीत आधीच साठले असते तर लक्षणे दिसण्यास सुमारे आठवडा लागला नसता. गावात बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, हेही साक्षीत आले. दूषण गावातच झाले, असे मानणे सयुक्तिक वाटते. प्रयोगशाळेतील ढिलाईचा प्रत्यक्ष पुरावा पुढे आला नाही. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले, तरी परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. त्यांच्यावर अन्याय झाला, हे निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे.

परिणामकारकता : लशीमुळे प्लेग हटला, ही समजूत तपासून घ्यावी लागते. तिने लागण आणि मृत्यू दोन्ही कमी केले, पण संरक्षण काही महिन्यांचेच असे. फुप्फुसाच्या प्लेगवर ती फारशी चालत नसे आणि आजार झाल्यावर तिचा उपयोग नव्हता. परळलाच ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोग यांच्या कामातून उंदरावरील पिसवांची भूमिका सिद्ध झाली आणि मूषकनिर्मूलनाला आधार मिळाला.

झालेल्या आजारावर औषध मिळायला चाळीसेक वर्षे गेली. साहेबसिंग सोखे यांच्या संचालकत्वाच्या काळात (१९३२ पासून) हाफकिन संस्थेत सल्फा (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) औषधांचे प्लेगवरील प्रयोग झाले. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगचे निम्म्याहून अधिक रोगी दगावत, ते चित्र या औषधांनी आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने पालटले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी व सुरतेत प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा मदार लशीवर नव्हती. संपर्कातील लोकांना टेट्रासायक्लीनच्या गोळ्या देण्यात आल्या.