नांगर कुठे टाकायचा? मुंबई ते गोवा शिडाच्या नौकेने जाणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून नौका भाड्याने घेणाऱ्यांपैकी बरेच जण आधी ग्रीस किंवा क्रोएशियाच्या किनाऱ्यावर फिरून आलेले असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाटेत मरिना कुठे कुठे आहेत? तरत्या धक्क्याला नौका बांधली, विजेची तार जोडली, पाण्याची नळी लावली आणि जेवायला गावात गेलो, अशी सोय मुंबई ते आग्वाद या सुमारे 220 सागरी मैलांत धरून चालू नका. तशी मरिना पुष्कळ दक्षिणेला, कोचीत बोलगाटी बेटावर आहे. कोकणात रात्र नांगरावरच काढायची. म्हणून जागा कशी निवडायची ते निघण्याआधी नीट समजून घ्या.

जागा आपण संध्याकाळी पाहतो, पण तिची परीक्षा मध्यरात्री होते. तोवर पाणी चढलेले किंवा उतरलेले असते, वारा फिरलेला असतो, खाडीचा ओढ उलटा झालेला असतो. चुका होतात त्या बहुतेक इथेच : संध्याकाळी दिसते तेवढ्यावरच हिशोब केला जातो.

तिथी बघून थांबा ठरवा

तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही ठाऊक असते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईपेक्षा आधी लागते. ही घरगुती रीत आराखड्यापुरती पुरते. प्रत्यक्ष वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. तक्ता प्रत्येक नौकेवर ठेवलेला असतो.

मुंबईत उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते, भांगाला (अष्टमीच्या आसपास) जेमतेम दीड-दोन. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. गोव्यात उधाणालाही तो दोन मीटरच्या आसपासच असतो.

याचा नांगराशी संबंध असा. उधाणाच्या दिवसांत तुम्ही संध्याकाळी पाच-सहाला मुक्कामी पोहोचता, तेव्हा ओहोटी संपत आलेली असते. दिसते ते सर्वांत कमी पाणी. बूड टेकण्याची भीती नाही, पण मध्यरात्रीपर्यंत पाणी इतके चढते की सोडलेली साखळी अपुरी पडते. अष्टमीच्या आसपास उलटे : संध्याकाळी पाणी भरलेले, भरपूर वाटणारे, आणि मध्यरात्री ते पायाखालून निघून जाते.

आकड्यांत पाहू. मांडव्याला अमावास्येच्या संध्याकाळी इको साउंडर (खोली मोजणारे यंत्र) 4 मीटर दाखवतो. (आमच्या सर्व नौकांवर तो पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवेल असा लावला आहे. दुसऱ्या कोणाची नौका घेतलीत तर हे आधी विचारा.) नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची 1.2 मीटर. साखळी या बेरजेच्या पाचपट, या नियमाने 26 मीटर साखळी सोडून तुम्ही झोपलात. मध्यरात्री पाणी साडेतीन मीटरने चढले की बेरीज 8.7 मीटर होते आणि तीच 26 मीटर साखळी फक्त तिप्पट उरते. साखळी तळावर आडवी पडून राहत नाही, नांगराला वर उपसू लागते, आणि वारा थोडा वाढला की नांगर घसरतो. तिथे सुरुवातीलाच 44 मीटर सोडायला हवी होती.

आता अष्टमी. संध्याकाळी साडेतीन मीटर पाणी. रात्री ते दीड मीटरने उतरते, दोन मीटर राहते. आमच्या 34 फुटी नौकेची डूब, म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग, 1.7 मीटर आहे. खाली 30 सेंटिमीटर उरले. एखादा ट्रॉलर शेजारून गेला तर त्याच्या लाटेने बूड आपटेल. बुडाखाली ओहोटीच्या वेळी निदान एक मीटर पाणी राहील अशीच जागा घ्या.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने हलत नाही. पहिल्या तासाला एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. मुंबईच्या उधाणाला मधल्या दोन तासांत जवळजवळ दोन मीटर पाणी सरते. खाडीचा ओढही तेव्हाच सर्वांत जोरात असतो. त्या वेळी नांगर टाकू नका, उचलूही नका.

वारा

आम्ही नौका 15 ऑक्टोबर ते 10 मे या काळातच देतो. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमार समुद्रात उतरतात हे खरे, पण लाटेचा फुगारा बरेच आठवडे टिकतो आणि खाड्यांच्या तोंडांवर फुटतो.

या मोसमात दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, बहुतेक वायव्येकडून. फेब्रुवारीनंतर तो संध्याकाळी 15 ते 18 नॉटपर्यंत चढतो. म्हणून वायव्येला डोंगराचे किंवा भूशिराचे टोक असेल अशी जागा हवी. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो. नाळ किनाऱ्याकडे वळते आणि नौकेची मागची बाजू समुद्राकडे जाते. संध्याकाळी तुमच्या मागे रिकामे पाणी होते, तिथे पहाटे दुसऱ्याची नौका असू शकते. आजूबाजूच्या मच्छीमार नौका आखूड दोरावर असतात, त्या जागच्या जागी फिरतात. तुम्ही 40 मीटर साखळीवर मोठे रिंगण घेता. म्हणून त्यांच्या गर्दीत शिरू नका. सगळ्या बाजूंनी साखळीची लांबी अधिक नौकेची लांबी एवढी मोकळी जागा मोजून घ्या.

खाडीत वारा बाहेर आणि भरती आत असे उलटसुलट झाले की नौका साखळीवर चढते, साखळी बुडाला घासते, रात्रभर आवाज येतो. त्यात धोका नसतो, पण झोप जाते. स्नबर म्हणून दिलेला आठ मीटरचा नायलॉन दोर साखळीला अडकवून त्यावर ताण दिला की आवाज बराच कमी होतो.

कुठे थांबावे, कुठे नाही

राजपुरीची खाडी (मुंबईहून सुमारे 40 मैल) हा पहिला खरा मुक्काम. जंजिऱ्याच्या भोवती पर्यटकांच्या होड्या आणि लाटांची उसळ असते, तिथे थांबू नका. किल्ला मागे टाकून आत जा, दिघी बंदराचा जहाजमार्ग आणि आगरदांडा–दिघी फेरीची वाट मोकळी सोडा, मग चिखलाचा चांगला तळ मिळतो.

हर्णै दिवसा, वारा पडलेला असताना, सुवर्णदुर्ग पाहण्यापुरते ठीक. रात्रीसाठी नाही : जागा उघडी आहे आणि मच्छीमार नौकांनी भरलेली असते. बाणकोट, दाभोळ, पूर्णगड या खाड्या आत गेल्यावर फार सुंदर आहेत, पण तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो आणि पावसाळ्यागणिक तो सरकतो. नकाशा राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा असला तरी या तोंडांवर त्याच्या जुन्या खोलीवर विसंबू नका. तिथे जायचेच असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. संध्याकाळी पूर्ण भरतीच्या दोन तास आधी, पाणी अजून चढत असताना, मावळतीचा उजेड पाठीशी घेऊन आत शिरा. बूड टेकले तरी चढते पाणी उचलून घेते. उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी ही तोंडे सर्वांत उथळ असतात. ओहोटीचा ओढ बाहेर आणि खारा वारा आत, अशा वेळी तिथे लाट उभी राहून फुटते. ती बाहेरून नीट दिसत नाही, कारण तुम्हाला तिची पाठ दिसते. पांढरा फेस दिसला की परत फिरा.

उधाणाच्या दिवसांत मुक्काम करायचे ते खोल तोंडाच्या जागी. राजपुरीनंतर जयगड. शास्त्री नदीच्या तोंडावरच्या मोठ्या बंदराचा मार्ग ओलांडून, तवसाळ–जयगड फेरीच्या पलीकडे आत जागा मिळते. राजपुरी ते जयगड सुमारे 60 मैल पडते. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालात तरच उजेडात पोहोचाल. पोहोचणार नसाल तर अंधारात शिरू नका, बाहेर खोल पाण्यात राहून रात्र काढा.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदर मच्छीमारांचे आहे आणि कायम भरलेले असते. वायव्य वाऱ्यात रत्नदुर्गाच्या दक्षिणेला, मांडवी-भाट्याच्या समोर, किनाऱ्यापासून दूर थांबता येते. नौका थोडी डुलते. उत्तरेकडची मिऱ्याची बाजू वायव्येला उघडी आहे, ती टाळा.

या सगळ्या वाटेत आमची पहिली पसंती विजयदुर्ग. मराठ्यांच्या आरमाराने हे ठिकाण उगाच निवडले नव्हते : वाघोटनची खाडी खोल आहे आणि वळणे घेत आत जाते. किल्ल्याच्या पश्चिमेकडून पुरेसे अंतर ठेवून वळसा घ्या. पूर्वेला जेटीसमोर नांगर टाका. वायव्येची लाट आत येऊ लागली तर आणखी आत सरका. जयगडहून सुमारे 45 मैल.

देवगड विजयदुर्गापासून जेमतेम 11 मैल. बंदर टेकडीच्या कुशीत, शांत. मात्र बंदरावर वादळी हवामानाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की गुजरात, कर्नाटकाकडच्याही नौका इथे आसऱ्याला येतात आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. वादळाची चाहूल असेल तर सगळ्यांच्या आधी या. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आले आणि तौक्ते मे 2021 मध्ये, म्हणजे आमच्या मोसमाच्या दोन्ही टोकांना वादळ होऊ शकते. बावटा लागल्यावर नौका पुढे नेण्याची परवानगी आम्ही देत नाही.

मालवणला नांगर टाकू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. सिंधुदुर्गाच्या भोवती पाण्याखाली कातळ पसरलेला आहे, वाट अरुंद आहे, आणि 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पडलेला नांगर एका झोक्यात जे मोडतो ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. मालवण पाहायचे असेल तर नौका देवगडला ठेवा, एकजण नौकेवर राहू द्या आणि बाकीचे गाडीने जा. पुढे जाताना वेंगुर्ला रॉक्सना रात्री लांबून वळसा घ्या.

देवगड ते आग्वाद साधारण 55 मैल. आग्वादच्या भूशिराच्या दक्षिणेला वायव्य वाऱ्यापासून चांगला आडोसा मिळतो, नैर्ऋत्य वाऱ्यात मिळत नाही. गोव्याच्या मांडवी नदीत आत जायचे तर तोंडाशी वाळू आहे. पणजीच्या पुलांखालून डोलकाठी जाणार नाही, म्हणून पुलांच्या अलीकडेच थांबा. हेच कोकणातल्या खाड्यांनाही लागू. रेवस–रेडी सागरी महामार्गाचे पूल अनेक खाड्यांवर येत आहेत. आमच्या डोलकाठीचे टोक पाण्यापासून 15.5 मीटरवर आहे, वर अँटेना वेगळी. पूल आणि विजेच्या तारा दोन्ही बघा, आणि हिशोब भरतीच्या पाण्यावर करा.

नांगर टाकताना

नौकेवर 16 किलोचा फाळाचा नांगर, 8 मिलिमीटरची 50 मीटर साखळी आणि पुढे 30 मीटर नायलॉन दोर आहे. साखळीवर दर 10 मीटरला लाल रंग आहे. दोर वापरावा लागला तर पाचपट नव्हे, सातपट धरा.

वारा आणि ओढ यांतले जे जोरात असेल त्याच्याकडे नाळ करून या, पूर्ण थांबा, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा. नौका मागे सरू लागली की साखळी हळूहळू द्या. एकदम सोडली तर नांगरावर ढीग पडतो आणि फाळ अडकतो. कोकणातल्या खाड्यांत वर मऊ रेंदा आणि खाली घट्ट चिखल असतो. रेंद्यात लगेच जोर लावला तर नांगर लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. पंधरा मिनिटे त्याला बसू द्या. मग इंजिन मागे, आधी मंद, नंतर मिनिटाला 1500 फेऱ्यांवर अर्धा मिनिट. हात साखळीवर ठेवा : थरथर किंवा हिसके जाणवले तर नांगर घसरतो आहे, ताण एकसारखा असेल तर धरला आहे. बाजूला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत येतील अशा हेरून ठेवा, एखादे देऊळ आणि त्यामागचा टॉवर. त्यांची रेषा हलली की नौका हलली. रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, दिवसा काळा गोळा.

कातळाचा संशय असेल तर नांगराच्या बुडाला बारीक दोर बांधून वर बोया सोडा. नांगर अडकला तर उलट्या बाजूने ओढून निघतो. येता-जाता डोल जाळ्यांचे (ओढात एका जागी रोवून ठेवलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि रात्री लुकलुकणारे बारीक दिवे सांभाळा. जाळे इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात गेले तर इंजिन तत्काळ बंद करा, फिरवून सोडवायचा प्रयत्न करू नका.

जेटी, कागदपत्रे, पाणी

जेटीला रात्री बांधू नका. ती ट्रॉलर आणि फेरीसाठी बांधलेली असते. पाणी उतरते तसे दोर ताणून कड्या उपटतात, चढते तसे फेंडर (नौकेच्या बाजूला टांगलेल्या गाद्या) वर सरकून नौकेचा कठडा दगडाला घासतो. सामान चढवायला अर्धा तास पुरे, तेही एकजण दोरांपाशी उभा ठेवून. डिझेल पंपावरून कॅनमध्ये आणावे लागते. पिण्याचे पाणी माणशी रोज पाच लिटर धरून मुंबईतूनच भरा.

सागरी पोलीस कुठेही नौका तपासू शकतात. नोंदणी, विमा आणि सर्वांची ओळखपत्रे निळ्या पिशवीत एकत्र आहेत, ती बाहेर काढून विखरू नका. महाराष्ट्रात बंदर निरीक्षकांना आणि गोव्यात बंदर कप्तानांच्या कार्यालयाला पोहोचल्याचे कळवा. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणू नका, भारतात तो गुन्हा आहे. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16 कायम चालू ठेवा. समुद्रात जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दल 1554, संशयास्पद काही दिसले तर सागरी पोलीस 1093.

निघण्याच्या तारखा ठरल्या की आम्हाला कळवा. त्या दिवसांच्या भरतीप्रमाणे मुक्कामांचा तक्ता आम्ही करून देतो. आणि परत आल्यावर, खाडीच्या तोंडावर नकाशापेक्षा कमी पाणी जिथे लागले ती जागा, तारीख आणि वेळ तक्त्यामागच्या कोऱ्या पानावर लिहून द्या. पुढच्या नौकेला ती नोंद आम्ही देतो.