मनॉटनस की टीडिअस? भरीत पार्टीत बसून बघा

इंग्रजी-मराठी कोशात 'मनॉटनस' काढा, अर्थ मिळेल कंटाळवाणा. 'टीडिअस' काढा, तिथंही कंटाळवाणाच. मग परीक्षेत रिकाम्या जागेसाठी हे दोन्ही पर्याय शेजारी आले, की पोरं नाणं उडवतात.

खानदेशातली थंडीतली भरीत पार्टी घ्या. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजून झाली, की घमेल्याभोवती सोलणारे बसतात. वांगं चटके देतं. साल एका ओढीत निघत नाही, देठाजवळचा करपलेला पापुद्रा नखानं खरवडावा लागतो, मध्येच एखादं किडकं निघतं ते बाजूला काढायचं. प्रत्येक वांग्याची तऱ्हा वेगळी आणि ढीग काही हलत नाही. हे काम टीडिअस. पुढे तीच वांगी बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात पडतात आणि ठेचणं सुरू होतं: धप, धप, धप. तीच लय, तोच जोर. हे मनॉटनस. ठेचणारा गप्पा मारता मारता काम उरकतो. सोलणाऱ्याला मान वर करायची सोय नसते. (पंगतीत कौतुक मात्र ठेचणाऱ्याचंच होतं.)

मुळातच दोघांचा रोख वेगळा आहे. 'मोनोस' म्हणजे एक आणि 'टोनोस' म्हणजे ताण किंवा सूर, अशा ग्रीक शब्दांतून मनॉटनस आला. आपला 'एकसुरी' त्याला चपखल बसतो. टीडिअसच्या मागे लॅटिन 'टीडियम' आहे, म्हणजे वीट. एक शब्द बोलतो वस्तूच्या स्वभावाबद्दल, दुसरा सोसणाऱ्याच्या हालाबद्दल. म्हणून टीडिअसला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही: कामाला किचकट किंवा जिकिरीचं, भाषणाला रटाळ.

भाषणावरूनच बघा. एखादा पुढारी पाचच मिनिटं बोलला, पण पाढे म्हटल्यासारखा सपाट आवाजात, तर भाषण मनॉटनस. लांबलं नाही म्हणून टीडिअस नाही. दुसऱ्यानं आवाज चढवला, उतरवला, हातवारे केले, पण दोन तास सत्कारमूर्तींची नावंच संपेनात, तर ते टीडिअस. दोन्ही एकदम जमवणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी दिसते. तो देखावा कुणाला मनॉटनस वाटेल. त्याला टीडिअस म्हटलं तर कानाला खटकतं. त्याच रस्त्यावर ट्रकमागे रखडलेला प्रवास मात्र खुशाल टीडिअस.

गणितवाल्यांनी तर मनॉटनसच्या भावंडातून कंटाळा पार काढून टाकलाय. 'मोनोटॉनिक फंक्शन' म्हणजे दिशा न बदलणारं: वाढत असेल तर कुठेच घटत नाही, घटत असेल तर कुठेच वाढत नाही. तक्रारीचा सूर त्यात नाही. उलट पुस्तकात एखादी सिद्धता 'टीडिअस बट स्ट्रेटफॉरवर्ड' म्हटली असेल, तर समजा की डोकं फार लागणार नाही, पण पानं बरीच लागतील आणि लेखकानं ते काम तुमच्यावर ढकललंय.

माणसाला लावताना जपून. 'टीडिअस' माणूस असतो, तो भेटला की आपण घड्याळ बघतो. 'मनॉटनस' सहसा माणसाला नाही, त्याच्या आवाजाला, कामाला किंवा दिनक्रमाला म्हणतात. नामं करायची तर मनॉटनी आणि टीडियम. त्यातली मनॉटनी बहुधा 'ब्रेक' करतात, टीडियम 'रिलीव्ह'.